चंद्रावरची चाकोरी

१२ डिसेंबर २०२३ या दिवशी चंद्रावर एक गोष्ट घडली. तिचा आपल्याकडे फारसा गाजावाजा झाला नाही. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर तेव्हा तीन महिन्यांहून अधिक काळ गप्प होता. चौदा दिवसांची रात्र आणि उणे दोनशे अंशांच्या घरातला गारठा त्याने सोसला होता. सूर्य पुन्हा उगवल्यावर, २२ सप्टेंबरला, इस्रोने त्याला हाका मारून पाहिल्या, पण उत्तर आलं नव्हतं. मग डिसेंबरात चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बायटर या यानाने शंभर किलोमीटरवरून त्याच्या दिशेने लेसरचे झोत सोडले, आणि विक्रमकडून उजेड परत आला.

विक्रमवर नासाने दिलेली एक घुमटी बसवलेली आहे, जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद. तिच्यात काचेचे आठ छोटे लोलक आहेत. सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर मोटारीच्या दिव्याचा उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतो, तेच काम हे लोलक करतात. त्यांना वीज लागत नाही, ऊब लागत नाही, बेंगळुरूहून आज्ञा लागत नाही. येती कित्येक दशकं कुणीही वरून उजेड टाकला की ते उत्तर देत राहतील. पुढच्या यानांना चंद्रावर आपली जागा अचूक ओळखायला त्यांचा उपयोग होईल. निजलेलं एक भारतीय यंत्र दुसऱ्यांना वाट दाखवण्याच्या कामी येणार आहे, हे कळल्यापासून माझ्या मनातून ते जात नाही.

हे सगळं मी मुंबईतल्या कांजूरमार्गच्या संदर्भात का लिहितो आहे, तर या प्रवासाची एक सुरुवात इथल्याच आसपास झाली म्हणून. स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की रिक्षा आणि बस पवईकडे जातात. पवईच्या एल अँड टी कारखान्यात चांद्रयान-३ ला नेणाऱ्या एलव्हीएम-३ प्रक्षेपकाच्या घन इंधनाच्या बूस्टरांचे माथ्याकडचे आणि मधले भाग घडले, तिथेच त्यांची दाबाची चाचणी झाली. दक्षिणेला पुढचंच स्टेशन विक्रोळी. तिथल्या गोदरेज एरोस्पेसच्या कारखान्यात त्याच प्रक्षेपकाच्या गाभ्याच्या टप्प्यासाठी विकास जातीची इंजिनं तयार झाली. चंद्राकडे निघालेल्या आगीची काही भांडी या दोन-तीन स्टेशनांच्या टापूतली आहेत. सकाळच्या गर्दीत डबा सांभाळत उभ्या असलेल्या माणसांपैकी कुणीतरी त्या धातूवरून हात फिरवून बघितलेला आहे.

यातलं काहीच चंद्रावर नाही. बूस्टर आणि इंजिनं आपलं काम करून समुद्रात पडली. सर्वांत वरचा क्रायोजेनिक टप्पा काही महिने पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि १५ नोव्हेंबर २०२३ रोजी वातावरणात शिरून प्रशांत महासागराच्या उत्तर भागावर संपला. चंद्रावर उरला तो विक्रम, आणि त्याच्या पोटातून उतरलेला २६ किलोचा प्रज्ञान.

तिथे नेमकं काय उरलं आहे, हे बारकाईने बघण्यासारखं आहे. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम उतरला, तेव्हा त्याच्या इंजिनांच्या झोताने दोन टनांहून थोडी अधिक माती उडाली आणि सुमारे १०८ चौरस मीटरवर पसरली. वरून काढलेल्या चित्रांत विक्रमभोवती ते फिकट वलय दिसतं. मग प्रज्ञान उतरला आणि त्याच्या सहा चाकांनी मातीत चाकोरी उमटवायला सुरुवात केली. २७ ऑगस्टला त्याच्यापुढे तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा आला. त्याला मागे वळायला सांगितलं गेलं आणि तो दुसऱ्या वाटेने गेला. जिथे तो वळला ते वळण आजही मातीत तसंच आहे. शंभर मीटरांपेक्षा थोडा अधिक प्रवास करून तो २ सप्टेंबरला निजला. दुसऱ्या दिवशी विक्रमने अनपेक्षित काम केलं. त्याची उपकरणं आणि उतरणीची फळी आवरून घेण्यात आली, इंजिनं पुन्हा पेटली, तो ४० सेंटिमीटर वर उचलला गेला आणि ३०-४० सेंटिमीटर बाजूला जाऊन पुन्हा उभा राहिला. म्हणजे विक्रम उतरला त्या शिवशक्ती स्थळावर त्याच्या पायांच्या दोन जागा आहेत, एकीपासून दुसरी हातभर अंतरावर. पुढे कधी तिथे पोचणारा पुरातत्त्वज्ञ या दोन जागांमधलं अंतर मोजेल आणि चंद्रावरून पुन्हा उड्डाण करण्याची भारताची पहिली तालीम त्याला तिथे वाचता येईल.

चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, गवत नाही, गांडूळ नाही. तिथली झीज होते ती बारीक उल्कांच्या माऱ्याने. खडकाची ती झीज दहा लाख वर्षांत जेमतेम मिलिमीटरभर, असा अंदाज सांगतात. चंद्राची माती किती जपून ठेवते, हे मुंबईतल्या शास्त्रज्ञांनीच १९७० च्या दशकात डोळ्यांनी पाहिलं होतं. अपोलो यानांनी आणलेले नमुने टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, तेव्हा देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कणांमध्ये सूर्याकडून आलेल्या भारित कणांनी लाखो वर्षांपूर्वी कोरलेले सूक्ष्म मार्ग शोधले. त्या धुळीचा एकेक कण सूर्याची जुनी नोंदवही असतो. अशा धुळीवर उमटलेली प्रज्ञानची चाकोरी आपल्या हिशेबात अमर म्हणावी इतकी टिकेल. अट एकच, दुसऱ्या कुणी ती पुसता कामा नये.

पुसली जाण्याची भीती खरी आहे आणि तिचा पुरावाही आहे. अमेरिकेचं सर्व्हेयर-३ हे यान २० एप्रिल १९६७ रोजी चंद्रावर उतरलं. १९ नोव्हेंबर १९६९ ला अपोलो-१२ चे अंतराळवीर मुद्दाम त्याच्याजवळ, सुमारे १६० मीटरवर उतरले, चालत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याचा कॅमेरा आणि काही भाग काढून घेऊन आले. पृथ्वीवर ते भाग तपासल्यावर लक्षात आलं की अपोलोच्या इंजिनाने उडवलेल्या धुळीने सर्व्हेयरचा रंग खरवडून काढला आहे, त्यात बारीक खळगे पाडले आहेत. जिथे एखाद्या भागाआड दुसरा भाग झाकला गेला होता, तिथे त्याची सावली कोरली गेली होती. हवा नसल्यामुळे चंद्रावरच्या कणांना कुणी अडवत नाही, आणि इंजिनाच्या झोतातून सुटलेला कण बंदुकीच्या गोळीच्या वेगानेही जाऊ शकतो. आदराने भेटीला आलेल्या पाहुण्याने १६० मीटरवरून एवढी इजा केली. विक्रमने तर केवळ पावणेदोन टनांच्या देहाने दोन टन माती हलवली. आर्टेमिस मोहिमेत माणसांना चंद्रावर उतरवण्यासाठी जी स्टारशिप बनते आहे, ती पन्नास मीटर उंचीची आहे. दक्षिण ध्रुवाकडच्या प्रदेशात बर्फ असल्याचं कळल्यापासून सगळ्यांचा ओढा तिकडेच आहे, आणि शिवशक्ती आहे त्याच बाजूला, ६९ अंश दक्षिण अक्षांशावर.

इकडे पृथ्वीवर आपण काय करतो? मुंबईच्या उपनगरांना याचं उत्तर अनुभवातून माहीत आहे. जोगेश्वरीचं लेणं सहाव्या शतकातलं. शहर वाढत गेलं आणि घरं त्याच्या अगदी अंगावर आली. भारताच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिने संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला मनाई केली आणि पुढचे दोनशे मीटर नियंत्रणाखाली आणले. पण तोवर जोगेश्वरीला पडायचा तो वेढा पडला होता. रेषा वेळेवर आखली नाही तर काय होतं, हे ज्याला बघायचं असेल त्याने ते लेणं जाऊन बघावं.

हाच कायदा चंद्रावर लावू म्हटलं तर लागत नाही. तो भारताच्या भूमीपुरता आहे, शिवाय स्मारक निदान शंभर वर्षांचं असावं लागतं. शिवशक्तीला शंभर वर्षं होतील २१२३ मध्ये. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीचाही मार्ग बंद आहे, कारण १९७२ च्या त्या करारानुसार एखाद्या देशाने आपल्या प्रदेशातलं स्थळ सुचवायचं असतं, आणि चंद्र कुणाचाच प्रदेश नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने ते कायमचं ठरवून टाकलं आहे. भारताने त्याला १९८२ साली मान्यता दिली.

त्या कराराचा दुसरा भाग मात्र आपल्या बाजूचा आहे. अवकाशात पाठवलेली वस्तू कुठेही पडलेली असो, ती पाठवणाऱ्या देशाचीच राहते. विक्रम आपला, प्रज्ञानही आपला. त्यांना कुणी उचलून नेऊ शकत नाही. पण चाकोरी? ती मातीत आहे आणि माती कुणाची नाही. प्रज्ञानचं वळण, विक्रमच्या पायांच्या दोन जागा, ते फिकट वलय, यांतलं काहीही कायद्याच्या भाषेत भारताची वस्तू ठरत नाही. आणि मला तर त्या यंत्रापेक्षा त्या खुणाच अधिक मोलाच्या वाटतात. यंत्राचे आराखडे बेंगळुरूला आहेत, तसं यंत्र पुन्हा बनवता येईल. २७ ऑगस्ट २०२३ ला खड्ड्यापुढे थांबून मागे फिरलेली ती रेघ पुन्हा काढता येणार नाही.

अमेरिकेला आपल्या अपोलो स्थळांबाबत ही जाणीव आधी झाली. कॅलिफोर्निया राज्याने २०१० साली अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी मागे ठेवलेल्या वस्तू आपल्या ऐतिहासिक वारशाच्या यादीत घेतल्या; जागा घेता येत नव्हती म्हणून वस्तू घेतल्या. नासाने २०११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. अपोलो-११ च्या जागेभोवती ७५ मीटर, अपोलो-१७ भोवती २२५ मीटर एवढ्या अंतरात कुणी जाऊ नये आणि कुणी उतरायचं झालं तर दोन किलोमीटर दूर उतरावं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने कायदा करून नासाबरोबर चंद्रावर जाणाऱ्यांना ही तत्त्वं बंधनकारक केली. पण तो कायदा त्यांच्या स्थळांपुरता आहे. विक्रम त्यात येत नाही. सोव्हिएत संघाचं लुनोखोद हे फिरतं यान त्यात येत नाही, आणि लुनोखोदची गोष्ट तर विलक्षण आहे. १९७३ साली चंद्रावर फिरलेलं लुनोखोद-२ वीस वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघालं आणि रिचर्ड गॅरियट या संगणक-खेळ बनवणाऱ्या माणसाने ते ६८,५०० डॉलरला विकत घेतलं. वस्तू तिथेच उभी, मालक बदलला.

आर्टेमिस करारात एक कलम केवळ वारशाचं आहे. माणसांची आणि यंत्रांची ऐतिहासिक उतरण्याची स्थळं, वस्तू आणि कामाच्या खुणा जपण्याचा इरादा त्यात सही करणारे देश व्यक्त करतात. खुणा हा शब्द तिथे आहे, हे महत्त्वाचं. भारताने २१ जून २०२३ ला, चांद्रयान-३ उडण्याच्या तीन आठवडे आधी, त्यावर सही केली. पण हा करार बंधनकारक नाही, आणि रशिया आणि चीन त्यात नाहीत. मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने 'स्टेशिओ शिवशक्ती' हे नाव मंजूर केलं. नकाशावर नाव आलं हे चांगलंच झालं, पण नावाने कुंपण होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने धोक्यातल्या २५ वारसास्थळांची यादी काढली, तिच्यात पहिल्यांदाच चंद्र होता. त्याच यादीत भुजच्या जुन्या पाणीव्यवस्था आणि हैदराबादच्या मुसी नदीकाठच्या इमारती होत्या. भुजचे तलाव आणि चंद्र एका कागदावर बघून मला फार बरं वाटलं. जपण्याची ओढ दोन्हीकडे एकच आहे.

आता एक अवघड प्रश्न. अवकाशातलं कुठलं टाकाऊ आणि कुठलं वारसा? कांजूरमार्गला हा प्रश्न परका नाही. स्टेशनच्या पूर्वेला, खाडीच्या बाजूला, मुंबईचा बहुतांश कचरा येऊन पडतो, आणि पश्चिमेला आयआयटी. त्याच आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'प्रथम' हा सुमारे दहा किलोचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ मधून उडाला. वातावरणाच्या वरच्या थरातल्या इलेक्ट्रॉनांची मोजणी हे त्याचं काम आणि चार महिने हे त्याचं ठरलेलं आयुष्य. विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या त्यावर राबल्या; ज्यांनी सुरुवात केली त्यांची पदवी होऊन गेल्यावर तो उडाला. काम संपलेला उपग्रह म्हणजे नियमांच्या भाषेत अवकाशातला कचरा. त्याला शक्य तितक्या लवकर खाली आणावं, असाच जगाचा कल आहे आणि तो योग्यही आहे, कारण त्या वेगात एक खिळासुद्धा दुसऱ्या यानाचा घात करतो. पण 'प्रथम' माझ्या लेखी कचरा नाही. अमेरिकेचा व्हॅनगार्ड-१ हा १९५८ सालचा उपग्रह अजून वर आहे, कक्षेतली सर्वांत जुनी मानवी वस्तू. त्याला कचरा म्हणून जाळायचं की परत आणून संग्रहालयात ठेवायचं, यावर गंभीर चर्चा चालते. ऑस्ट्रेलियाच्या ॲलिस गॉर्मन यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी या विषयाला आयुष्य दिलं आहे.

आपल्या पुरातत्त्वाने तर हे फार आधी शिकवलं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी १९६८ पासून बारा-चौदा वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी काय पिकवत, काय खात, दुष्काळात कसे जगले, हे त्यांनी ओळखलं ते राखेच्या थरांतून, जळक्या दाण्यांतून, फेकलेल्या हाडांतून आणि फुटक्या खापरांतून. इनामगावच्या माणसांनी ते सगळं टाकून दिलं होतं. आपण ते जपून वाचलं म्हणून महाराष्ट्राला आपले पहिले शेतकरी भेटले.

म्हणूनच फसलेल्या मोहिमांची स्थळंही मला या यादीत हवी आहेत. ७ सप्टेंबर २०१९ ला कोसळलेल्या पहिल्या, म्हणजे चांद्रयान-२ च्या विक्रमचे तुकडे जिथे विखुरले, ज्यांचा माग चेन्नईच्या षण्मुग सुब्रमणियन यांनी नासाच्या चित्रांमधून काढला, ते तिरंगा स्थळ. १४ नोव्हेंबर २००८ ला चांद्रयान-१ ची आघातकुपी शॅकलटन विवराजवळ जिथे आदळली, ते जवाहर स्थळ. आणि स्वतः चांद्रयान-१ सुद्धा. त्याच्याशी संपर्क ऑगस्ट २००९ मध्ये तुटला, सगळ्यांनी ते हरवलं असं धरलं, आणि २०१६ साली पृथ्वीवरून रडारचे झोत सोडून शास्त्रज्ञांनी ते शोधून काढलं. जेमतेम दीड मीटरचं ते यान चंद्राभोवती इमानाने फिरत होतं.

जपायला आधी नीट मोजावं लागतं, आणि ते साधन भारताकडे आहे. चांद्रयान-२ चा कॅमेरा शंभर किलोमीटरवरून पाव मीटरपर्यंतचा तपशील टिपतो. २०२१ साली त्याने अपोलो-११ च्या उतरण्याच्या जागेचं चित्र काढलं. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईला आले होते, तेव्हा त्यांना बघायला लोटलेल्या कुणाला वाटलं असेल का, की पन्नास वर्षांनी भारताचा डोळा त्यांच्या यानाचा सांगाडा बघेल? तोच कॅमेरा शिवशक्तीचा, तिरंग्याचा अचूक नकाशा देऊ शकतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे: जगाने एकत्र येऊन करार करण्याची वाट न बघता भारताने आपल्या चांद्रस्थळांची मोजलेली हद्द आणि भेट देणाऱ्यांसाठीचे नियम स्वतः जाहीर करावेत. शंभर मीटरांची रेषा आखणं आपल्याला येतं. मालकी सांगायची नाही, फक्त विनंती करायची, आणि पहिल्यांदा ती आपल्याच पुढच्या यानांनी पाळायची. २०१७ पासून मसुद्यातच असलेल्या अवकाश व्यवहार विधेयकात या वारशाला एक कलम मिळालं, तर विनंतीला वजन येईल.

आणि या वारशाचं दुसरं टोक कांजूर-विक्रोळी-पवईत आहे. ते टोक चंद्रावरच्यापेक्षा लवकर पुसलं जाईल, कारण इथे वारा आहे, पाऊस आहे आणि बांधकाम आहे. लाल बहादूर शास्त्री मार्गावरचे कितीतरी कारखाने जाऊन मनोरे उभे राहिले. प्रक्षेपकाचे भाग समुद्राच्या तळाशी गेले. ते कसे वळले, जोडले, तपासले, ते आता फक्त हातांना आठवतं. गोदरेजचं विक्रोळीतलं अभिलेखागार २००६ पासून कागद आणि कामगारांच्या आठवणी जपतं, ही मोठी गोष्ट आहे, पण एका संस्थेने सगळ्यांचं काम करावं अशी अपेक्षा ठेवता येणार नाही.

तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत कुणी वेल्डर, टर्नर, फिटर, तपासनीस या कारखान्यांतून निवृत्त झाले असतील, तर येत्या २३ ऑगस्टला, राष्ट्रीय अंतराळ दिनी, त्यांच्याजवळ बसा. गुपितं विचारू नका. कुठल्या साली लागलात, कुठल्या यंत्रावर होतात, पहिला भाग तपासणीत पास झाला तेव्हा कोण कोण होतं, एवढं विचारा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, तारीख आणि नाव घालून ठेवा, आणि एक प्रत जवळच्या शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या स्वाधीन करा.